हृदयाला रक्त कमी पडलं की ठोका का बिघडतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. आयसीसीयूबाहेरच्या (हृदयाच्या अतिदक्षता विभागाबाहेरच्या) बाकावर बसलेले नातेवाईक मला जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. ‘ब्लॉकेज’ बहुतेकांना कळतं. नळी तुंबली, रक्त थांबलं, हे चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं. पण मग डॉक्टर ‘ठोका बिघडला’, ‘शॉक द्यावा लागला’ असं का म्हणतात? नळीचा आणि विजेचा संबंध काय? हे त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं. या दोन्हींच्या मध्ये पेशीची भूक उभी असते. ती कळली की बाकीच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

छातीत आत्ता दुखतंय. आधी काय करू?

वाचणं थांबवा. छातीच्या मध्यभागी दाब किंवा आवळल्यासारखं होणं, ते हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, दरदरून घाम, दम लागणं, यातलं काही शांत बसूनही पाच मिनिटांत कमी झालं नाही तर १०८ ला फोन करा. गाडी दारात असेल तर कुणाला तरी चालवायला लावून, जिथे ईसीजी निघतो आणि शॉकचं मशीन आहे अशा जवळच्या दवाखान्यात जा. स्वतः गाडी चालवू नका. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ३०० मिलिग्रॅमच्या आसपासची गोळी चावून खा. जिभेखालची सॉर्बिट्रेट मात्र शेजाऱ्याने दिली म्हणून घेऊ नका. बीपी आधीच उतरलेलं असेल तर ती आणखी पाडते.

‘ॲसिडिटी असेल, सकाळी बघू’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे. ते मला सांगणारी बहुतेक वेळा रुग्णाची बायको असते, कारण रात्री तो तिला तसं म्हणालेला असतो.

हृदय तर रक्तानेच भरलेलं असतं. त्याला रक्त कमी कसं पडेल?

आतल्या कप्प्यांमधलं रक्त हृदयाच्या जाड भिंतीला वापरता येत नाही. ते फक्त तिथून पुढे जातं. भिंतीला रक्त मिळतं ते महाधमनीच्या अगदी मुळाशी फुटणाऱ्या दोन करोनरी धमन्यांमधून. या धमन्या हृदयाच्या बाहेरच्या अंगाने पसरतात आणि मग फांद्या आत शिरतात. विश्रांतीत हृदय जेवढं रक्त बाहेर फेकतं त्यातलं साधारण ५ टक्के, म्हणजे मिनिटाला पाव लिटरच्या आसपास, ते स्वतःसाठी ठेवतं. वजन मात्र जेमतेम ३०० ग्रॅम.

इथे एक अडचण आहे. हातापायाचे स्नायू विश्रांतीत रक्तातला थोडाच ऑक्सिजन काढून घेतात, बाकीचा परत जातो. काम वाढलं की त्याच रक्तातून जास्त ओढून घेता येतो. हृदय मात्र तुम्ही झोपलेले असतानाही आलेल्या ऑक्सिजनपैकी ७० टक्क्यांच्या आसपास घेऊन टाकतं. शिल्लक जवळजवळ नाहीच. त्यामुळे काम वाढलं की एकच उपाय उरतो, रक्ताचा प्रवाह वाढवणं. निरोगी धमन्या तो चार-पाच पट वाढवू शकतात. अरुंद झालेल्या वाढवू शकत नाहीत, आणि पायऱ्या चढताना छाती भरून येते ती याचमुळे.

आणखी एक गोष्ट. डावा निलय, म्हणजे शरीराला रक्त फेकणारा खालचा कप्पा, आकुंचन पावतो तेव्हा तो स्वतःच्याच भिंतीतल्या रक्तवाहिन्या पिळून टाकतो. त्यामुळे त्याला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत. ठोके १४० वर गेले की ही विश्रांती सगळ्यात जास्त आखडते. म्हणजे गरज वाढते त्याच वेळी पुरवठ्याला वेळ कमी मिळतो. जलद ठोका हा रक्त कमी पडल्याचा परिणाम असू शकतो तसा ते कमी पडण्याचं कारणही असू शकतो, हे लक्षात ठेवा.

रिपोर्टमध्ये ‘७० टक्के’ लिहिलंय. म्हणजे ३० टक्केच रक्त जातंय का?

नाही. नळी ७० टक्के अरुंद झाली तरी बसल्या जागी प्रवाह बहुतेक वेळा पुरेसा असतो, कारण पुढच्या बारीक वाहिन्या स्वतःला रुंद करून घेतात. कमी पडतं ते श्रमात. विश्रांतीतही कमी पडायला लागतं ते ९० टक्क्यांच्या आसपास.

पण खरी फसगत इथे होते: मोठा अटॅक कित्येकदा ४०-५० टक्क्यांच्या, कधी त्रास न दिलेल्या ठिकाणी येतो. तिथला चरबीचा थर फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि नळी काही मिनिटांत बंद होते. त्यामुळे ‘गेल्या वर्षी टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) नॉर्मल होती’ यावर विसंबून दुखणं अंगावर काढू नये. आणि नळ्या स्वच्छ असूनही हृदयाला उपाशी राहावं लागतं, हेही घडतं: हिमोग्लोबिन ६ वर आलेलं असेल, जुलाबाने बीपी कोसळलं असेल, धमनी आकडली असेल किंवा अगदी बारीक वाहिन्याच आजारी असतील.

हृदय एरवी खातं काय?

जवळजवळ सगळं. साठ-सत्तर टक्के ऊर्जा मेदाम्लांमधून, म्हणजे चरबीतून, उरलेली ग्लुकोज, लॅक्टेट आणि कीटोनमधून. तुम्ही जोरात पळता तेव्हा पायांनी तयार केलेलं लॅक्टेट हृदय आनंदाने जाळतं. उपास असेल तर कीटोन वापरतं. इतका सोशिक स्वयंपाकी शरीरात दुसरा नाही. मात्र चूल एकच, ऑक्सिजनवर चालणारी.

या चुलीवर तयार होतं एटीपी, पेशीचं रोखीचं चलन. हृदय दिवसभरात सहा किलोच्या आसपास एटीपी तयार करतं आणि तेवढंच खर्च करतं. कुठल्याही क्षणी गाठीला असतं ते फक्त काही ठोक्यांपुरतं. साठवण नावालाच. म्हणून रक्त थांबल्यावर हृदयाला तासाचा नाही, सेकंदांचा हिशोब लागू होतो.

रक्त थांबलं की पेशीत नेमकं काय होतं?

पहिल्या काही सेकंदांत उरलेला ऑक्सिजन संपतो. मेदाम्लं जाळणं थांबतं. पेशी क्रिएटिन फॉस्फेट नावाची छोटीशी राखीव गंगाजळी मोडते, तीही लगेच आटते. मग उरतो ऑक्सिजनशिवायचा जुना मार्ग, साठवलेल्या ग्लायकोजेनमधून ग्लुकोज काढून ते अर्धवट फोडण्याचा. पूर्ण जळलेल्या ग्लुकोजच्या एका रेणूतून तीसच्या आसपास एटीपी मिळतात, या मार्गाने फक्त दोन-तीन. शिवाय मागे आम्ल आणि लॅक्टेट उरतं. एरवी लॅक्टेट खाणारं हृदय आता लॅक्टेट बाहेर टाकायला लागतं.

रक्त फक्त आणून देत नाही, ते धुऊनही नेतं. प्रवाह थांबला की पेशीचा कचरा तिच्या दारातच साठतो. आम्ल वाढतं आणि तेच आम्ल त्या उरल्यासुरल्या मार्गालाही अडवतं.

अशा वेळी पेशी एक शहाणपणाची गोष्ट करते. ती काम थांबवते. १९३५ मध्ये टेनंट आणि विगर्स या अमेरिकी शास्त्रज्ञांनी प्रयोगात धमनी बांधली तेव्हा त्या भागातला स्नायू मिनिटभरात आकुंचन पावायचा थांबला आणि प्रत्येक ठोक्याला उलट बाहेर फुगायला लागला. तो मेला नव्हता, खर्च आवरत होता. एटीपी निम्म्यावर यायला साधारण दहा मिनिटं लागतात. वीसेक मिनिटांपर्यंत रक्त परत आलं तर बहुतेक पेशी वाचतात. त्यानंतर मात्र आतल्या थरापासून मरण सुरू होतं आणि तासागणिक बाहेरच्या थराकडे सरकतं. रायमर आणि जेनिंग्ज यांनी १९७७ मध्ये कुत्र्यांच्या हृदयात ही पुढे सरकणारी लाट दाखवून दिली. माणसाच्या हृदयात आजूबाजूच्या धमन्या थोडं रक्त पुरवतात, त्यामुळे वेळ जरा वाढून मिळतो. तीन तासांत नळी उघडली तर खूप काही वाचतं, बारा तासांनी फार थोडं.

पण मग ठोका का बिघडतो?

हाच या पानाचा गाभा आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

हृदयाची प्रत्येक पेशी विश्रांतीत विजेने भारलेली असते. आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त. हा फरक आपोआप टिकत नाही. पेशीच्या कडेवर बसलेले पंप रात्रंदिवस सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ढकलत असतात आणि त्यासाठी एटीपी मोजतात. म्हणजे ठोक्याची वीज ही पेशीच्या जेवणावरच उभी आहे.

एटीपी घसरलं की कडेवरची एक खास दारं उघडतात. अकिनोरी नोमा यांनी १९८३ मध्ये जपानमध्ये ती प्रथम दाखवली. एटीपी भरपूर असताना ती बंद असतात, कमी पडलं की उघडतात आणि त्यातून पोटॅशियम बाहेर गळतं. यामुळे विजेचा प्रत्येक स्पंद आखूड होतो, पेशीत कॅल्शियम कमी शिरतं आणि आकुंचनाचा खर्च वाचतो. पेशीच्या दृष्टीने ही बचतच आहे. पण धुऊन न्यायला रक्त नसल्याने ते पोटॅशियम पेशींच्या मधल्या फटीत साचतं. रक्तात ते लिटरला ४-५ मिलिमोल असतं, तिथे दहा मिनिटांत १० च्या वर जातं. तुमच्या रिपोर्टमधलं पोटॅशियम नॉर्मल असतं, कारण तो आकडा हाताच्या शिरेतला आहे.

बाहेर पोटॅशियम साचलं की पेशीचा भार उतरतो. उणे ८५-९० मिलिव्होल्टवर बसलेली पेशी उणे ६० कडे सरकते. त्या पातळीवर वीज पुढे नेणारी सोडियमची दारं नीट उघडतच नाहीत. वीज तिथून जाते, पण रेंगाळत जाते. कुठे अडते, कुठे उशिरा पोचते.

आता हे चित्र नजरेसमोर आणा. जत्रेत पालखी एका चौकातून निघते. एक गल्ली बंद आहे, दुसरी चिखलाची. चिखलाच्या गल्लीतून गर्दी हळूहळू सरकते, वळसा घेऊन बंद गल्लीच्या मागच्या तोंडाशी पोचते आणि ती गल्ली मागून मोकळी निघते. मग गर्दी पुन्हा मूळ चौकात येते. चौक एव्हाना रिकामा झालेला असतो, म्हणून ती परत त्याच वाटेने फिरते. वीज अशी गोल फिरायला लागली की ती हृदयाच्या नेहमीच्या ताल धरणाऱ्या केंद्राचं ऐकत नाही. एकच वर्तुळ असेल तर ती व्हीटी, म्हणजे निलयाचा अतिजलद ठोका. त्या वर्तुळाचे तुकडे होऊन दहा ठिकाणी दहा लाटा फिरायला लागल्या तर व्हीएफ. व्हीएफमध्ये हृदय ठोकत नाही, नुसतं थरथरतं. माणूस काही सेकंदांत कोसळतो.

पूर्ण मेलेल्या भागातून वीज जात नाही. ठणठणीत भागातून ती सरळ निघून जाते. घात होतो तो दोन्हींच्या मधल्या अर्धमेल्या पट्ट्यात, आणि हा पट्टा पहिल्या काही तासांत सगळ्यात रुंद असतो. हृदयविकाराने अचानक जाणारे कितीतरी लोक म्हणूनच दवाखान्यात पोचण्याआधी जातात. तोवर पंप निकामी झालेला नसतो, फक्त त्याची वीज विस्कटलेली असते. शॉक दिला असता तर त्यातले अनेक जण पुन्हा शेतावर, कामावर गेले असते. मला या सगळ्या विषयात सर्वात जास्त टोचणारी गोष्ट हीच आहे.

यात भर घालतं ॲड्रेनॅलिन. वेदनेने आणि भीतीने ते उसळतं, कॅल्शियम वाढवतं आणि नवे अवेळी ठोके पेटवतं. रुग्णासमोर रडारड करू नका असं आम्ही सांगतो ते केवळ शिस्तीसाठी नव्हे.

समोर कुणी कोसळलं, श्वास नाही. शॉकचं मशीन येईपर्यंत काय?

छातीच्या मधोमध, दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा. दोन दाबांच्या मध्ये छाती पूर्ण वर येऊ द्या, कारण करोनरी धमन्या त्याच क्षणी भरतात. दाबल्याने व्हीएफ सहसा थांबत नाही. पण पेशीला थोडं रक्त मिळत राहतं आणि शॉक लागू पडण्याइतकी ती जिवंत राहते. काहीच न करता गेलेला प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी कमी करतो.

ईसीजीत ‘रेघ वर गेलीय’ म्हणतात ते काय?

वर सांगितलेला उतरलेला भार तिथे कागदावर दिसतो. निरोगी भाग आणि उपाशी भाग यांच्या पातळीत फरक पडला की विश्रांतीच्या वेळीही त्यांच्यामध्ये प्रवाह वाहतो, त्याला इजेचा प्रवाह म्हणतात. धमनी पूर्ण बंद असेल तर त्या भागासमोरच्या लीडमध्ये, म्हणजे त्या बाजूने हृदय पाहणाऱ्या ईसीजीच्या पट्टीत, रेघ उचलली जाते. अगदी सुरुवातीला तर फक्त टी लाट, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या रेघेतली शेवटची लाट, उंच आणि रुंद झालेली असते आणि घाईत ती सुटू शकते. म्हणून दुखणं चालू असताना पहिला ईसीजी साफ निघाला तरी आम्ही पंधरा-वीस मिनिटांनी दुसरा काढतो. ‘परत परत काढून पैसे लावतात’ असं तेव्हा मनात आणू नका.

काहींची नाडी मंद होते, काहींची पळते. असं का?

कोणती धमनी बंद झाली त्यावर आहे. ताल धरणाऱ्या केंद्राला दहापैकी साधारण सहा जणांत उजवी करोनरी रक्त देते. अलिंद (वरचे कप्पे) आणि निलय यांच्या मधल्या चौकीला, म्हणजे एव्ही नोडला, दहापैकी आठ-नऊ जणांत तीच देते.

ऊसतोडीच्या हंगामातली एक सकाळ मला लख्ख आठवते. पन्नाशीचा माणूस, जीपमधून आणलेला, बनियन पिळून काढावं इतकं ओलं. मळमळ होत होती, ‘पोटात ढवळतंय’ एवढंच म्हणत होता. नाडी ३८. ईसीजीच्या गुलाबी कागदावर २, ३ आणि एव्हीएफ या तीन लीडमध्ये रेघ उचललेली, आणि पी लाटा (अलिंदांच्या) क्यूआरएसशी (निलयांच्या ठोक्याशी) काही नातं नसल्यासारख्या आपापल्या चालीने चाललेल्या. उजव्या करोनरीचा अटॅक, सोबत पूर्ण हार्टब्लॉक, म्हणजे वरची वीज खाली पोचणंच बंद. नाडी वाढवणारं ॲट्रोपिन दिल्यावर ती ६० च्या वर आली. हा ब्लॉक भीतीदायक दिसतो, पण चौकी उपाशी आणि आम्लात भिजलेली असते, मेलेली नसते. बहुतेकांमध्ये तो काही दिवसांत सुटतो आणि कायमचा पेसमेकर लागत नाही.

डाव्या पुढच्या धमनीच्या अटॅकमध्ये असाच ब्लॉक आला तर गोष्ट वेगळी. तिथे चौकीच्या खालचे रस्तेच मोठ्या क्षेत्रासह गेलेले असतात. तो ब्लॉक वाईट.

गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन दिलं आणि त्यानंतरच मॉनिटरवर ठोके विचित्र झाले. औषध उलटलं का?

त्याच माणसाच्या मुलाने मला हेच विचारलं होतं. इंजेक्शननंतर तासाभराने तो पळत आला, ‘डॉक्टर, रेघ बदलली, रुंद झाली.’ मी गेलो तेव्हा रुंद ठोके मिनिटाला ८० च्या चालीने नियमित पडत होते. बीपी ठीक, दुखणं थांबलेलं, आणि उचललेली रेघ निम्म्याहून खाली. धमनी उघडल्यावर निलय असा काही वेळ स्वतःचा ताल धरतो. आम्ही त्याला हात लावत नाही. वीस मिनिटांत तो आपणहून गेला.

यामागचं कारण असं. उपासमारीत पेशीत आम्ल आणि सोडियम साचलेलं असतं. रक्त परत आलं की पेशी ते आम्ल घाईने बाहेर टाकते, त्या बदल्यात आणखी सोडियम आत घेते आणि ते सोडियम काढायला कॅल्शियम आत ओढते. कॅल्शियमचा हा पूर अवेळी ठोके पेटवतो. बहुतेक वेळा ते निरुपद्रवी ठरतात. क्वचित व्हीएफही येतो, आणि म्हणूनच नळी उघडल्यावरचे पहिले एक-दोन दिवस मॉनिटर काढत नाहीत. दुखणं थांबलं म्हणून घरी जायचा हट्ट धरू नका.

मॉनिटरवर मधूनमधून चुकलेले ठोके दिसतात. ते बंद करायची गोळी का देत नाही?

एके काळी देत असू. अटॅकनंतर ज्यांना जास्त चुकलेले ठोके येतात त्यांच्यात मृत्यू जास्त, हे दिसत होतं. मग ठोके दाबले की मृत्यू कमी होतील, असं सगळ्यांनाच वाटलं. कास्ट नावाच्या अमेरिकी चाचणीत हे तपासलं गेलं. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या औषधांनी ठोके दाबले, आणि ज्यांना ती दिली त्यांच्यातच मृत्यू जास्त झाले. १९८९ मध्ये चाचणीचा तो भाग मध्येच थांबवावा लागला. पुढे छापलेला अंतिम हिशोब असा: औषध घेणाऱ्या ७५५ जणांत ६३ मृत्यू, खोटी गोळी घेणाऱ्या ७४३ जणांत २६.

गर्दीची उपमा पुन्हा घ्या. ही औषधं सोडियमची दारं आणखी अडवतात, म्हणजे चिखलाच्या गल्लीत आणखी पाणी ओततात. वर्तुळ फिरायला अनुकूल जागा तयार होते. उपाशी किंवा वण पडलेल्या हृदयात ती देऊ नयेत, हे आज पक्कं आहे. बीटा ब्लॉकर मात्र ठोका सावकाश करतात, खर्च कमी करतात, ॲड्रेनॅलिनला अडवतात. ते वाचवतात, कारण ते विजेपेक्षा भुकेवर काम करतात. ते आपल्या मनाने एकदम बंद करू नका.

पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दोन दोनदा का तपासता?

लघवीच्या गोळ्या, उलट्या, जुलाब यांनी रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि तेही व्हीएफला वाट करून देतं. म्हणून ते साधारण ४ च्या आसपास ठेवतो. नारळपाण्याचा सल्ला सरसकट नाही. किडनी कमजोर असेल आणि एसीई गटातली बीपीची गोळी चालू असेल तर तेच नारळपाणी पोटॅशियम धोक्यापर्यंत चढवू शकतं.

ऑक्सिजन कमी पडतोय म्हणता, मग मास्क का काढला?

नाकातल्या ऑक्सिजनने बंद नळी उघडत नाही. रक्तातलं प्रमाण ९० टक्के किंवा जास्त असेल तर वरून दिलेल्या ऑक्सिजनचा फायदा नाही, हे स्वीडनमध्ये ६,६२९ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये छापलेल्या चाचणीत दिसलं. बोटावरचा आकडा कमी असेल तर मात्र द्यायलाच हवा.

मग थेट पेशीलाच खाऊ घालता येत नाही का? ग्लुकोजचं सलाईन, ताकदीचं काही?

कल्पना जुनी आणि सुंदर आहे. मेक्सिकोचे सोदी-पायारेस यांनी १९६२ मध्ये ग्लुकोज, इन्सुलिन आणि पोटॅशियम यांचं मिश्रण सुचवलं. तेवढंच एटीपी करायला ग्लुकोजला मेदाम्लांपेक्षा ऑक्सिजन थोडा कमी लागतो, आणि पोटॅशियम पेशीत परत जातं. कागदावर सगळं जुळतं. पण २००५ मध्ये २०,२०१ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत मृत्यू कमी झाले नाहीत. गुठळीच्या पलीकडे सलाईन पोचणार कसं, हा साधा प्रश्न उरतोच.

आपल्याकडे ट्रायमेटाझिडिन ही गोळी भरपूर लिहिली जाते. ती मेदाम्लं जाळणं थोडं कमी करून हृदयाला ग्लुकोजकडे वळवते. काहींचं छातीत दुखणं तिने कमी होतं. पण अँजिओप्लास्टी झालेल्यांमध्ये आयुष्य वाढवण्यात तिचा उपयोग दिसला नाही, हे २०२० च्या चाचणीने दाखवलं. माझं मत स्पष्ट आहे: पैशाची ओढाताण असेल तर आधी ॲस्पिरिन, स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी), बीटा ब्लॉकर आणि बीपीची गोळी घ्या. ताकदीची गोळी शेवटी, आणि तीही दुखणं असेल तरच.

डायबेटिस असला की हे सगळं वेगळं होतं का?

हो, आणि दोन्ही बाजूंनी. मधुमेही हृदयाला ग्लुकोज नीट वापरता येत नाही, ते मेदाम्लांवर जास्तच विसंबतं, म्हणजे त्याच कामाला जास्त ऑक्सिजन मागतं. शिवाय दुखण्याची खबर देणाऱ्या नसा बधिर झालेल्या असू शकतात. मग छातीत दुखत नाही. नुसता दम लागतो, घाम येतो, गळून गेल्यासारखं होतं किंवा शुगर उगाच ४०० दाखवते. मधुमेही बाईंच्या ‘आज जिन्यात फार धाप लागली’ या वाक्याला मी छातीत दुखण्याइतकंच मानतो. इंटरहार्ट या ५२ देशांतल्या २००४ च्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक येण्याचं मधलं वय ५३ निघालं, इतरांचं ५८ च्या पुढे. तंबाखू आणि मशेरीही यात आहेत. ‘सिगारेट नाही ओढत, फक्त मशेरी लावते’ म्हणजे तंबाखू सुटली असं नव्हे.

इको (हृदयाची सोनोग्राफी) काढला, ‘स्नायू हलत नाही’ म्हणाले. म्हणजे तो भाग मेला?

लगेच तसं मानू नका. नळी वेळेत उघडली तरी स्नायू काही दिवस, कधी काही आठवडे, सुन्न राहतो. रक्त आहे, पेशी जिवंत आहे, पण यंत्रणा सावरायला वेळ घेते. म्हणून अटॅकच्या दुसऱ्या दिवशीच्या इकोवरून आयुष्यभराचा अंदाज बांधायचा नसतो.

दुसरा प्रकार सावकाश येतो. रक्त महिनोन्महिने कमीच मिळत असेल तर स्नायू आपलं काम त्या तुटपुंज्या कमाईइतकंच करून ठेवतो, जणू निजून जातो. त्याला पुन्हा रक्त दिलं तर तो उठू शकतो. हा भाग मेलेला की निजलेला, ते पेट स्कॅनमध्ये कळतं: रक्त कमी पोचतंय पण ग्लुकोज मात्र आत ओढलं जातंय, म्हणजे आत कुणीतरी राहतंय. बायपास करावी की नाही हे ठरवताना अशा तपासणीची मदत होते.

अटॅकच्या आधी आठवडाभर थोडं थोडं दुखत होतं. त्याने जास्त नुकसान झालं का?

यात चकित करणारी गोष्ट आहे. १९८६ मध्ये मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयाला आधी पाच-पाच मिनिटांची चार छोटी उपासमार घडवली आणि मग चाळीस मिनिटं धमनी बंद ठेवली. त्यांच्यात मेलेला भाग इतरांच्या चौथ्या हिश्श्याइतकाच निघाला. छोट्या झटक्यांनी पेशी सावध होते आणि खर्च आधीच आवरते. माणसातही अटॅकच्या आदल्या दिवसांत छातीत दुखलेल्यांचं नुकसान कधी कधी कमी दिसतं. पण याचा अर्थ दुखणं सहन करावं असा मुळीच काढू नका. आठवडाभर येऊनजाऊन दुखणं ही धमनी बंद होण्याआधीची सूचना असते, आणि त्या आठवड्यात आलात तर अटॅकच टाळता येतो.

घरी आल्यावर ठोका पुन्हा बिघडण्याची भीती कधीपर्यंत?

पहिल्या तासांतला धोका उपाशी पेशींचा होता. काही आठवड्यांनी तिथे वण तयार होतो, आणि त्यात जिवंत पेशींचे धागे अडकलेले असतात. वीज त्या धाग्यांतून रेंगाळत फिरू शकते, आणि हे वर्तुळ वर्षानुवर्षं तिथे तयार राहतं. म्हणून हृदयाची पंप करण्याची ताकद ३५ टक्के किंवा कमी राहिलेल्यांना, छातीत बसवायचं शॉक देणारं यंत्र, आयसीडी, सुचवलं जातं. ते लगेच बसवत नाहीत. अटॅकनंतर निदान ४० दिवस थांबतात आणि इको पुन्हा काढतात. सुन्न स्नायू तोवर उठतो का ते पाहायचं असतं. शिवाय घाईने बसवलेल्या यंत्राने एकूण मृत्यू कमी होत नाहीत, हेही २००४ च्या चाचणीत दिसलं आहे.

या ४० दिवसांत चक्कर येऊन डोळ्यांसमोर अंधारी आली, बसल्या जागी शुद्ध हरपली किंवा धडधड सुरू होऊन मिनिटभरातही थांबली नाही, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी या, आणि येताना डिस्चार्जचा कागद आणि जुना ईसीजी बरोबर आणा. जुन्या रेघेशेजारी नवी ठेवली की निम्मं निदान तिथेच होतं.